पालथा पेला

मनोहर गावंडे गेल्याचं मला खानावळीच्या पाटीवरून कळलं. अकोल्याच्या जुन्या शहरात अण्णाजींची खानावळ आहे. तिच्या दाराशी एक काळी पाटी टांगलेली असते आणि दर रविवारी सकाळी तिच्यावर त्या दिवसाच्या फीस्टचं पक्वान्न खडूने लिहिलेलं असतं. आज जिलबी, आज बासुंदी, आज श्रीखंड. त्या खानावळीत मी पाऊल टाकलं त्याला आता काही वर्षं झाली, पण रविवारी मोर्णा नदी ओलांडून भाजीला गेलो की ती पाटी वाचल्याशिवाय पाय पुढे निघत नाही. जुनी खोड आहे. त्या रविवारी पाटीवर पक्वान्न नव्हतं. 'आज फीस्ट बंद. गावंडे सर वारले,' एवढंच होतं. पहिल्यांदा मनात आलं ते हे, की अण्णाजींनी कोणासाठी फीस्ट बंद ठेवल्याचं आपण कधी ऐकलं नाही... आणि मग कोण वारलं ते डोक्यात शिरलं. त्याला कावीळ झाल्याचं आणि त्याच्या भावाने त्याला अमरावतीच्या दवाखान्यात नेल्याचं मला माहीत होतं. उतार पडतो आहे असाच शेवटचा निरोप होता. मी भाजी न घेता घरी आलो.

पुढे तो शिकवत होता त्या शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली. अध्यक्षांनी भाषणात सांगितलं, "ज्या काळात कोणी धजत नव्हतं, त्या काळात गावंडे सरांनी आपल्या नवबौद्ध मित्राला शेजारी बसवून गावातल्या पंगती मोडल्या." ऐकणाऱ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, कारण तो नवबौद्ध मित्र म्हणजे मी. नंतर अण्णाजी उठले. "सर त्यायच्या मित्राले घेऊन माया खानावळीत येत," ते म्हणाले. "म्या कधी पुसलं नाई, की बाबा हा कोण." एवढं बोलून त्यांनी उपरण्याने डोळे टिपले. मलाही दोन शब्द बोलायचा आग्रह झाला. मी नकारार्थी मान हलवली. ते शब्द आता लिहून काढतो आहे. दोनाहून जास्त होतील, आणि शोकसभेत शोभले असते असे ते नाहीत.

आम्ही अमरावतीला कॉलेजात एका बाकावर होतो. माझे वडील बडनेऱ्याला रेल्वेत गँगमन. छप्पन्न सालच्या दसऱ्याला आमचं सगळं घर नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आलं होतं आणि मी वसतिगृहात राहत होतो. मनोहर अचलपूर रस्त्यावरच्या एका गावचा, घरी काळ्या मातीची भरपूर जमीन, अंगाने थोराड आणि खाण्याच्या बाबतीत पक्का नादिष्ट. त्या काळी अमरावतीत विद्यार्थ्यांच्या आणि नोकरदारांच्या खानावळी गल्लोगल्ली होत्या. सगळ्यांची रीत एकच. रविवारी सकाळी उशिरा फीस्ट, पक्वान्न पाहिजे तेवढं, आणि संध्याकाळी चूल बंद. मेंबराला पाहुणा आणायची मुभा असे. मनोहरने या मुभेचं शास्त्र केलं होतं. प्रत्येक खानावळीत त्याचा एकेक दोस्त मेंबर होता आणि दर रविवारी तो वेगळ्या ठिकाणी पाहुणा म्हणून हजर होई. शनिवारी रात्री जेवायचा नाही. रविवारी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून लग्नाला निघाल्यासारखा निघायचा. मला पहिल्यांदा चल म्हणाला तेव्हा मी टाळलं. वसतिगृहाच्या भिंतीबाहेर जेवायला बसलं की पुढे काय होतं ते मला लहानपणापासून माहीत होतं. तो म्हणाला, "काहून भेतं बे? मी हाओ न."

खाण्यातलं त्याला खरंच कळत होतं, हे कबूल केलं पाहिजे. ताट आलं की तो पक्वान्नाला हात लावत नसे, आधी वरण चाखायचा. "वरण बिघडलं त जिलबीले काय चाटाचं?" असा त्याचा न्याय होता. अंबागेटजवळच्या एका खानावळीत गोळाभात खाऊन तो उठला तो थेट स्वयंपाकघरात गेला आणि आचाऱ्यापुढे हात जोडून उभा राहिला. आचारी बिचारा घाबरला, त्याला वाटलं काही तक्रार आहे. दुसऱ्या एका ठिकाणची बासुंदी त्याने बोटावर घेतली, उजेडात धरली आणि भर पंगतीत जाहीर केलं, "ह्याच्यात शिंगाड्याचं पीठ हाय." मालकाने हातातलं भांडं ठेवलं आणि त्याच्याकडे नुसतं बघत राहिला. कोथिंबिरीची सांबारवडी कुरकुरीत कुठे मिळते, कढी कोणाची फाटते, कोण पुऱ्या आदल्या दिवशी लाटून ठेवतो, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. त्याच्याबरोबर जेवताना मीही हळूहळू चव घ्यायला शिकलो. तोपर्यंत मी फक्त पोट भरत होतो.

जायची आमची एक ठरलेली पद्धत होती. दारात आलो की तो म्हणायचा, "तू हातपाय धू, मी जागा धरतो." मी मागे नळावर जायचो. परत येईपर्यंत तो भिंतीशी पाटावर बसलेला असायचा आणि शेजारच्या पाटासमोर त्याने आपला पेला पालथा घातलेला असायचा. फीस्टला गर्दी फार, माणसं जागेसाठी उभी असत, पण कोणी त्या पाटाकडे वळलं की मनोहर बोटाने पेला दाखवायचा. मी आलो की पेला सुलटा करून त्यात पाणी ओतायचा. माझ्यासाठी कोणी जागा धरून बसलंय, हे मला तेव्हा किती मोठं वाटायचं ते आज कसं सांगू...

पहिल्या काही रविवारी माझा जीव मुठीत असे. एकदा निघताना एका मालकाने आडनाव विचारलंच. मी खरं सांगितलं, "वानखडे." आमच्या वऱ्हाडात वानखडे कुणब्यांतही आहेत आणि आमच्यातही. म्हणून विचारणारा आडनावापाशी थांबत नाही, तो गाव विचारतो, मग गावात घर कोणत्या बाजूला ते विचारतो. मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत उभा राहिलो. तो आलाच नाही. मालक म्हणाला, "हो हो, गावंड्याचे पाहुणे. येत जा." त्या दिवशी मी वसतिगृहात न जाता बडनेऱ्याची गाडी पकडली आणि वडिलांना जाऊन सांगितलं. ते ओट्यावर बसले होते.

"नाव पुसलं होतं त्यायनं?" वडिलांनी विचारलं.

"पुसलं न. म्या सांगतलं."

"मंग?"

"मंग काय? येत जा म्हणे."

ते ओट्यावरून उठून उभे राहिले. मग आईला हाक मारून म्हणाले, "आयकलं का? पोरगा नाव सांगून जेवून आला." पुढे कितीतरी दिवस कोणी भेटलं की ते हेच सांगत. माणसाने आयुष्यभर रूळ सरळ केले, पण असं अभिमानाने सांगण्यासारखं त्यांना दुसरं काही मिळालं नव्हतं.

आम्ही दोघं नोकरीला अकोल्यात आलो. तो शाळेत इतिहास शिकवू लागला, मी बांधकाम खात्यात ओव्हरसिअर झालो. आता आम्ही पाहुणे राहिलो नव्हतो, अण्णाजींच्या खानावळीचे रीतसर मेंबर होतो. तिथे मेंबराने पाण्याचा पेला आपला आणायचा, तो फळीवर ठेवलेला असायचा. पहिल्याच आठवड्यात मनोहरने मला एक पितळी पेला आणून दिला. त्याच्या घरच्या जोडीतला होता, काठाखाली 'गावंडे' असं कोरलेलं. "दोन हायेत, एक तुले," एवढंच म्हणाला. मला भरून आलं. एका घरच्या जोडीतला एक पेला दुसऱ्याला देणं म्हणजे भाऊच मानणं की. वडील अकोल्याला आले तेव्हा मी त्यांना तो कौतुकाने दाखवला. त्यांनी पेला हातात फिरवला आणि म्हणाले, "नाव त गावंड्याचं हाय." मी हसण्यावारी नेलं. त्यानंतर वर्षभरात ते गेले, आपला पोरगा नाव सांगून जेवतो या समाधानात गेले. ते समाधान टिकलं, ही एकच गोष्ट या सगळ्यात बरी झाली.

एका रविवारी मनोहर पेरणीसाठी गावी गेला होता आणि मी एकटाच खानावळीत गेलो. अण्णाजी गल्ल्यावर होते. "सर नाई आले?" त्यांनी विचारलं आणि शेजारी बसलेल्या गृहस्थाला माझी ओळख करून दिली, "हे सरांचे मावसभाऊ." मला वाटलं त्यांची गफलत झाली. मी म्हटलं, "मावसभाऊ नाही हो, मित्र. मी वानखडे, बडनेऱ्याचा. आम्ही बौद्ध." अण्णाजींचा चेहरा बदलला असंही नाही. त्यांनी गल्ल्याचा कप्पा लावला आणि खाली बघून म्हणाले, "आज ताटं भरली." समोर पाटांची अर्धी रांग रिकामी होती, ती मलाही दिसत होती आणि त्यांनाही. मी फळीवरून माझा पेला उतरवला आणि चालू लागलो. बाकीच्या पेल्यांवर ज्याचं त्याचं नाव होतं, माझ्या पेल्यावर मात्र दुसऱ्याचं, हे तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांत भरलं. मी नळावर हात धूत असताना तो पुढे बसून नेमकं काय करत होता, तेही वाटेत कळत गेलं.

तो परत आला तेव्हा मी त्याला माझ्या क्वार्टरच्या ओसरीवर उभं करून विचारलं. त्याने नाकारलं नाही. "हो, मावसभाऊ सांगतलं," तो म्हणाला. "सगळीकडं तेच सांगतलं. तुले जेवाले भेटलं का नाई?"

"मले तुया संग जेवाचं होतं मनोहर. तुया नात्यात शिरून नाई."

"खरं सांगतलं असतं त कोणी बसू देल्लं असतं काय?"

"नसतं देल्लं. मंग आपण दोघं बाहीर उभे रायलो असतो."

"उपाशी?"

हा शब्द त्याने अशा काही आश्चर्याने उच्चारला, की माझा राग क्षणभर ढिला पडला. उपाशी राहण्यापेक्षा वाईट काही असू शकतं हे त्याला खरोखर समजत नव्हतं. त्याच्या सात पिढ्यांत कोणाला पंगतीतून उठवलं नव्हतं, त्याला कुठून समजणार? तो दुखावला गेला. मी त्याचे उपकार मानत नाही असं त्याला वाटलं असावं. आणि मला वाटलं की याने मला पंगत दिली, पण माझं नाव दाराबाहेर ठेवायला लावलं, तेही मला न विचारता. माझ्या वडिलांचा तो ओट्यावरचा आनंदही खोटा करून ठेवला. हे मी त्याला बोललो नाही. बोलायला हवं होतं की नको होतं, याचा निकाल माझ्याकडे आजही नाही.

आमची मैत्री तुटली नाही. बरेच जण म्हणतील तुटायला हवी होती. उलट त्यानंतर माझं लग्न झालं आणि तो रविवारी माझ्याकडे येऊ लागला. खाली बसायचा, माझी बायको शांता हिच्या हातचं डाळ-वांगं भाकरीशी ओरपायचा, पुन्हा मागून घ्यायचा. "वहिनी, ह्या वरणाले अकोल्यात जोड नाई," असं म्हणायचा, आणि वरणाबद्दल तो खोटं बोलत नसे. शोकसभेत हे कोणी सांगितलं नाही, कारण कोणाला माहीतच नव्हतं. त्याने ते बाहेर कधी काढलं नाही. शांताचं त्याच्याबद्दलचं मत मात्र पक्कं होतं. "येतात, जेवतात, जातात," ती म्हणे. "आपल्याले कधी बोलावलं?" एकदा तिने त्याला वाढता वाढता विचारलंच, "भाऊजी, तुमच्या गावचे रोडगे कधी खाऊ घालता आमाले?" त्याचा घास हातात थांबला. "घालू न, वहिनी... एखाद्या रविवारी," तो म्हणाला. त्यानंतर कितीतरी रविवार गेले, त्याचं गाव मी पाहिलं नाही. अमरावतीच्या आणि अकोल्याच्या सगळ्या खानावळींचं वरण चाखून निकाल देणारा हा माणूस, आपल्या घरच्या पंगतीपाशी आला की वाट वाकडी करायचा.

त्याचं गाव मी पाहिलं ते त्याच्या तेरवीला, तेराव्याच्या जेवणाला. निघताना शांताने तो पितळी पेला घासून पिशवीत घालून दिला. "त्यायच्या घरचा हाय, त्यायले देऊन या," ती म्हणाली. मलाही ते बरोबर वाटलं. एस.टी. गावात पोचली तेव्हा पहिली पंगत बसायच्या बेतात होती. अंगणात मांडव, लिंबाखाली हात धुवायला पाण्याचे ड्रम. मनोहरचा मोठा भाऊ रामदास दारात उभा होता. मला बघताच पुढे आला आणि हात धरून मला बाजूला घेऊन गेला.

"वानखडे न तुमी? मनोहर सांगून गेला होता. दवाखान्यात, शेवटी शेवटी... म्हणे वानखडे येईन तेरवीले, त्याले पहिल्या पंगतीत बसवजो. कोणी पुसलं त मावसभाऊ सांगजो."

हे सांगताना रामदासचे डोळे भरून आले होते. भावाचा शेवटचा शब्द आपण पाळतो आहोत, असा त्याचा चेहरा होता. आणि मी? मला रडू आलं आणि संतापही आला, दोन्ही एकदम. मरता मरता या माणसाने काळजी केली ती माझ्या जेवणाची, आणि तेव्हासुद्धा त्याला खरं बोलायचं सुचलं नाही. मी पंगतीत जाऊन बसलो. समोर पत्रावळ आली, मीठ आलं, लोणचं आलं, वरण-भात आला.

डाव्या हाताला एक म्हातारे गृहस्थ होते, पांढरं स्वच्छ धोतर, कपाळावर बुक्का. त्यांनी विचारलं, "पाहुणे कुठले?"

बुंदीची परात घेऊन रामदास तिथेच आला होता. त्यानेच उत्तर दिलं, "मनोहरचे मावसभाऊ, अकोल्याचे."

"असं, असं," म्हातारे म्हणाले आणि पत्रावळ सारखी करू लागले. तेवढ्यावर सगळं भागलं होतं. मी गप्प बसलो असतो तर वरण-भात, बुंदी, कढी खाऊन संध्याकाळच्या गाडीने अकोल्याला आलो असतो. पण मला बडनेऱ्याचा ओटा आठवला.

"मी त्याचा मावसभाऊ नाई," मी म्हटलं. आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "मायं आडनाव वानखडे. बाप बडनेऱ्याले रेल्वेत गँगमन होता. आमी बौद्ध. मनोहर माया दोस्त होता."

 म्हाताऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आश्चर्य तर नव्हतंच.

"हे आमाले माईत हाय, बापू," ते म्हणाले. "मनोहरले एकच मावशी. तिले लेकरूच नाई. मावसभाऊ येईन कोठून?"

"मंग?"

"मंग काय? आमी काई म्हटलं काय? जेवले असते, गेले असते. तुमी बोलले काहून?" ते खरोखर हळहळत होते. "आता बोलले, त आमाले उठा लागते."

आणि ते उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. माझ्या उजवीकडचा उठला, त्याच्यापलीकडचाही उठला. कोणी वावगा शब्द काढला नाही, कोणी मला ऊठ म्हटलं नाही. दुसऱ्या पंगतीला बसू, असं एकमेकांत पुटपुटत ते मांडवाबाहेर गेले. तेव्हा मला अण्णाजींची ती रिकामी रांग आठवली. मी कोण ते त्यांना त्या दिवशी कळलं नव्हतं, आधीपासूनच माहीत होतं. मी ते तोंडाने बोललो, एवढाच माझा गुन्हा. अमरावतीच्या त्या सगळ्या मालकांनाही माहीत असणार. म्हणूनच तो पुढचा प्रश्न कधी आला नव्हता. इतकी वर्षं मी समजत होतो की मनोहर त्या लोकांना फसवत आला. तो कोणालाच फसवत नव्हता. त्या सगळ्यांनी आणि त्याने मिळून एकट्या मला फसवलं होतं. मला आणि माझ्या बापाला.

रामदास परात घेऊन तसाच उभा होता. भावाचा शब्द पाळावा की गावाचं ऐकावं हे त्याला उमगत नव्हतं. शेवटी तो वाकला आणि त्याने माझ्या पानावर बुंदी वाढली.  त्याने वाढलं, हे मी लिहून ठेवतो, कारण तेवढं तरी त्या दिवशी झालं.

मी पिशवीतून पेला काढला. रामदासने त्यावरचं नाव वाचलं आणि तो घ्यायला हात पुढे केला. पण मी पेला त्याच्या हातात दिला नाही. उजवीकडच्या रिकाम्या पानासमोर तो पालथा घातला, मनोहर घालायचा तसा, आणि वरणात बोट बुडवून चव पाहिली. वरण चांगलं होतं. मांडवाबाहेर माणसं जागेसाठी उभी होती. माझं जेवण होईपर्यंत ती जागा कोणी मागितली नाही.